उतार

टिल्लूबाई म्हणाल्या, काळ्याची ट्यूब घरी ठेवून या.
काळोख विकतचा नको.
अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर कालवून
ज्याचा त्याने करायचा.

मी वहीत लिहून घेतलं.
तेहतीस वर्षं लोकांच्या मीटरचे आकडे लिहिले,
हात लिहायला चटकन पुढे होतो.

वर्ग रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर.
खाली पापडांचं दुकान,
त्यामुळे टर्पेंटाइनला हिंगाचा वास.
आम्ही पाच जण: एक दंतवैद्य, कॉलेजातल्या दोघी,
फक्त ढगच काढायचे म्हणणाऱ्या लालवाणीबाई,
आणि मी.
मला समुद्र काढायचा होता.

पाहिलाय?
कॅलेंडरवर, म्हटलं.
इंदुरातून कुठल्याही दिशेने निघा,
आधी शेतंच लागतात.
मग आधी पाणी तरी बघा, त्या म्हणाल्या,
सिरपूरला जा, डोळे अर्धे मिटा,
बारकावे गळून गेले की जे उरेल
तेवढंच काढा.

तीन रविवार अर्ध्या डोळ्यांनी तलावाकाठी बसलो.
एका भल्या माणसाला वाटलं, मला घेरी येतेय,
त्याने पाण्याची बाटली पुढे केली.
पाण्यात आभाळ असतं हे ठाऊक होतं.
वरच्यापेक्षा ते जरा गडद असतं
हे साठीला टेकल्यावर कळलं.

पातळ खाली, तेलकट वर.
उलट केलंत तर वरचं आधी सुकतं,
खालचं ओलं हलत राहतं,
मग भेगा.
संसारासारखं, दंतवैद्य म्हणाले.
नाही, बाई म्हणाल्या, रंगासारखं.

माझी पहिली लाट फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी झाली.
सुरीने खरवडली.
दुसरी, तिसरी, खरवडली.
सहाव्या खेपेला कॅनव्हासवर
नुसता राखट हिरवा डाग उरला
आणि बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.
याला हात लावू नका.

जानेवारीत देपालपूरकडे लग्नाला निघालो होतो,
वाटेत बसचं चाक बसलं.
सकाळचे साडेनऊ. रस्त्याच्या खाली
जवस फुललेलं.
या भागात मी कितीदा आलो असेन,
पण मान मीटरच्या पेटीत.

सवयीने डोळे अर्धे मिटले.
पायाशी हिरवं वेगळं, निळं वेगळं,
दूर जाता जाता दोन्ही विरघळून एकच फिका रंग,
आणि वारा आला तेव्हा
जिथे शेत वाकून पातळ झालं
तिथून ऊन आरपार आलं, किंचित पिवळं.

दुपारपर्यंत गळून जातील,
मोटरीवरचा पोरगा म्हणाला, मालवीत,
मी काही विचारलं नव्हतं तरी.

घरी आलो. रंगांच्या पेटीतली तेलाची बाटली,
तिच्यावर इंग्रजीत लिन्सीड.
हे कशाचं गं, विचारलं.
चष्मा लावून तिने वाचलं,
पोरीला फोन केला, हसली.
जवस.
ताटात रोज वाढते ते.

म्हणजे तीन महिने मी
त्याच शेतात कुंचला बुडवत होतो.

चित्र अजून ओलंच आहे.
वॉर्निश सहा महिन्यांनी,
तोवर पलंगाखाली, भिंतीकडे तोंड करून.
घरात वास आहे,
तिने त्याबद्दल बोलणं सोडलंय.

बाईंनी ते लांबून पाहिलं, मग जवळून,
मग मान तिरकी करून.
लाट जमलीय, म्हणाल्या,
पण क्षितिज डावीकडे उतरतंय तुमचं,
समुद्र असा कलत नाही हो.
पट्टी लावा, सरळ करून टाका.

मी हो म्हटलं.
पट्टी घेतली, ठेवली.

डावीकडे विहीर होती.
शेत तिकडेच उतरत होतं.