चिघळला

सिस्टर पगारे पट्टी सोडवतात,
वाकून बघतात, वास घेतात,
म्हणतात, काका, चिघळलंय.

मी चष्मा वर करतो. सवय.
एकतीस वर्षं अशोकस्तंभाजवळच्या छापखान्यात
हा शब्द मी रात्रपाळीला तपासला.
'घ'चा 'ध' होऊ द्यायचा नाही, एवढंच काम.
प्रकृती खालावते. ताप बळावतो
(बळ कुठून आणतो, हे विचारायचं नसतं).
भांडण विकोपाला जातं.
चिघळायला मात्र आधी जखम लागते,
मग ती पायाची असो, नाहीतर सातपूरची.

सातपूरचा तो संप.
निकुंभ सायकल भिंतीला टाकून वर आला,
घामानं कागद ओला:
मालकांनी प्रश्न चिघळवला.
साडेअकराला आतून निरोप,
मालक काढा, आणि तो 'व'सुद्धा.
काढला. लाल शाईची एक तिरकी रेघ.
सकाळी सगळ्या नाशकानं वाचलं,
प्रश्न चिघळला.
आपोआप, जसं उन्हाळ्यात दूध नासतं.
निकुंभ नंतर माझ्याबरोबर चहाला आला नाही.
मीही बोलावलं नाही.

वामनदादाशी बोलणं बंद, त्याला हे तेरावं वर्ष.
म्हसरूळच्या प्लॉटातली बोअर,
पाइप कुणाच्या बाजूनं न्यायचा,
बाब तेवढीच. फुटात मोजली तर सात फूट.
कुणी विचारलं की मी सांगतो,
प्रकरण चिघळत गेलं.
शुद्ध वाक्य आहे.
बोट ठेवायला जागा नाही.
दिवाळीत वहिनींचा फोन आला होता.
वाजू दिला.
पूर्ण वाजू दिला.

सिस्टर, जखम चिघळली म्हणायचं
की चिघळवली?
त्या चिमट्यानं कापूस उचलतात.
ते तुमचं तुम्ही बघा. पंधरा दिवस आला का नाहीत?
सांगण्यासारखं काही नव्हतं.
दुखत नव्हतं, हे कारण होतं.
साखरेच्या पायाला दुखत नाही,
हे त्यांनीच मागे सांगितलेलं.

ड्रेसिंगच्या वहीत त्यांनी घाईत लिहिलंय:
डावा पाय, जखम चिघळली.
त्या हात धुवायला वळल्या तेव्हा
त्यांचंच पेन घेऊन
'ळ' आणि 'ली'च्या मधे, खाली,
मी एक बारीक काकपद ओढलं.
वर अक्षर लिहिणार,
तेवढ्यात त्यांनी पुढच्याला हाक मारली,
आणि मी चप्पल शोधत राहिलो,
एक पायात, एक हातात.