जबानी

तिसऱ्या मजल्यावरचं कोर्ट, खिडकीखाली माझं टेबल.
साक्षीदार बोलतो,
साहेब सांगतात,
मी टाइप करते.
एकवीस वर्षं.
या तिघांच्या मध्ये काय सांडतं
त्याचं रजिस्टर नाही.

आज कठड्यात सुगंधा हेडाऊ, राहणार तांडापेठ.
पदर दोन्ही हातांनी धरलेला, जसं कुणी ओढून नेईल.
"सायेब, थो मले मारून राहिला होता.
मी भांडे घासून राहिली होती.
पोट्टं पाहून राहिलं होतं."

आरोपीचे वकील नवे, पुण्याहून आलेले.
"राहिला होता? कुठं राहिला होता?"
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

साहेब म्हणाले, लिहा :
आरोपीने साक्षीदारास मारहाण केली.
सदर घटना मुलाने पाहिली.

मी लिहिलं.
भांडी राहूनच गेली.
नुसतं 'मारत होता' लिहिलं असतं तरी चाललं असतं.
पण मारहाणीला कलम असतं,
चालू असण्याला नसतं.
तिच्या वाक्यात हात अजून वर जात होता, खाली येत होता,
माझ्या वाक्यात एकदाच आला
आणि पूर्णविरामाशी थांबला.

मीपण तिथलीच. दोन गल्ल्या पलीकडची.
बाबा मागावर बसायचे.
धागा तुटला की सांधायचे असा
की गाठ बोटालाही लागू नये.
गाठ दिसली तर शेठ पैसे कापायचा.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात म्हटलं होतं,
"साहेब, कागद संपून राहिले."
मग वर्षभर शिरस्तेदार मला
'राहिले मॅडम' म्हणायचे, प्रेमानं.
तेव्हापासून डोयाचा डोळा केला,
शायेची शाळा, पान्याचं पाणी.
रात्री रेडिओवरच्या बातम्यांमागून पुटपुटायची,
नवरा म्हणायचा, कोणाशी बोलतेस?

आता सगळं जागच्या जागी आहे.
ऑटोवाल्याशी, बर्डीच्या दुकानात हिंदी.
पोराच्या शाळेत इंग्रजी, म्हणजे मान हलवणं.
साहेबांशी ही.
आणि आईचा फोन आला
की झेरॉक्सवाल्याच्या मागचा जिना उतरून,
तोंडाशी हात धरून :
"हव माय. जेवली का? काहून रडून राहिली?"

जबानी वाचून दाखवली.
साहेबांनी विचारलं, बरोबर आहे?
ती बराच वेळ माझ्याकडे पाहत होती.
"बरोबर हाये सायेब.
पन हे माहं नाही वाटून राहिलं.
कोन्या शिकेल बाईले झालं असन."

या वेळी कुणी हसलं नाही.
प्रिंटरमधून कागद निघाला, गरम.
"इथं सही करू?"
"हव," मी म्हटलं.

वकिलांनी फाइलमधून मान वर केली.
शिरस्तेदार निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
तरी मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

तिनं पेन मुठीत धरलं
आणि एकेक अक्षर
रोवत गेली :
सुगंदा.

ध नव्हता.
साहेब पुढची फाइल मागत होते.
मी कागद तसाच लावून टाकला.