सोळा दिवस

सोनं म्हणजे तीन डबे.
मोहरीचा पिवळा, मिसोचा तपकिरी,
आणि उजेड पडतो तिथं युझूच्या सालीएवढा ओरखडा.
बारा राशींचे बारा रखवालदार
त्या तीन डब्यांतून निघायचे,
नेरिमात, सायकल-दुकानाच्या माडीवर.
आम्ही सात बायका, सुती हातमोजे घालून,
पारदर्शक तक्त्याच्या पाठीकडून रंग भरायचो,
म्हणून प्रत्येक वीर आमच्यापुरता डावरा.

ग्रीस कुणीच पाहिलं नव्हतं.
ओगाताबाई म्हणायच्या, देवळाचे हे खांब
कोपऱ्यावरच्या न्हाणीघराचे आहेत,
फक्त वाफ पुसून टाकली आहे.

शुनपेई जन्मला सात जुलैला. रास कर्क.
शाळेच्या मैदानात त्या वर्षी रोज युद्ध,
आणि वाढदिवस पाहून चिलखत मिळायचं.
सिंह तिघे. धनूवरून तर मारामारी.
खेकडा एकटा हा.
आमच्या मालिकेतला खेकडा चौथ्या दाराची किल्ली
शत्रूला विकतो, आणि वर हसतो.
पोरं विचारायची, काय रे, कितीला दिलीस?

"आई, तू सोळा दिवस थांबली का नाहीस?"
भांडं घासता घासता मी बोटांवर मोजलं.
खरंच. सोळा दिवसांनी सिंह लागतो.
त्या सणाला बांबूवर कागद टांगला त्यानं:
माझी रास बदलून द्या.
खाली पत्ता, पिनकोडसकट.

मी वाचनालयात जाऊन पुस्तक काढलं.
हेराक्लीस अनेक तोंडांच्या सापाशी झुंजत होता,
तेव्हा दलदलीतून एक खेकडा आला
आणि त्याच्या पायाला चावला.
बस्स. एवढंच केलं त्यानं. टाचेखाली चिरडला.
हेरानं उचलून आभाळात ठेवला खरा,
पण मंद ताऱ्यांचा;
तोक्योच्या आभाळात तर शोधूनही सापडत नाही.
हे पोराला कसं सांगायचं?

माझे वडील शिमोनोसेकीचे, खाडीत जाळं टाकायचे.
तिथल्या खेकड्यांच्या पाठीवर माणसाचा चेहरा असतो,
तिरके डोळे, आवळलेलं तोंड.
आठशे वर्षांपूर्वी बुडालेले हेइके योद्धे, म्हणतात.
वडिलांचा विश्वास होता का, कोण जाणे.
जाळ्यात आला की सोडवायचे,
काटा टोचला तरी शिवी द्यायचे नाहीत,
आणि फेकायचे नाहीत, वाकून पाण्यात ठेवायचे.

ऑक्टोबरमधल्या एका रात्री, साडेअकरा वाजता,
गठ्ठ्यातला एकशे बारावा तक्ता.
किल्ली विकणारा तो, समोरून, छाती पुढे काढून.
सोनं भरलं. वाळू दिलं.
मग सर्वांत बारीक कुंचल्यानं, काळ्या रंगानं,
छातीच्या पत्र्यावर दोन तिरके डोळे काढले
आणि आवळलेलं तोंड.
कुणाचा, ते मला ठाऊक.
ओगाताबाईंनी तपासला. चष्मा वर केला. खाली केला.
गठ्ठ्यात परत ठेवला.

पडद्यावर तो सेकंदाचा आठवा भाग टिकला.
मी श्वास धरून बघितला. होता.
शुनपेईनं नाही पाहिला.
तो स्वयंपाकघरात सोया सॉस आणायला गेला होता,
मीच पाठवलं होतं.

मालिका संपली तेव्हा तक्ते पोत्यांत भरून गेले,
कुठं, ते विचारलं नाही.
शुनपेई आता चाळिशीपार, ओसाकात विमा विकतो.
मागच्या जुलैत फोनवर म्हणाला, आई,
पोरीची तारीख एकवीस दिली आहे डॉक्टरांनी.
मी म्हटलं, बरं.
तो म्हणाला, दोन दिवस इकडेतिकडे होतातच ना?
आणि इतका हसला
की मला फोन जरा लांब धरावा लागला.