पासंग

मिरजेच्या मिशन दवाखान्यात
पप्पा कंपाउंडर होते एकतीस वर्षं.
काचेच्या पेटीतला तराजू, पितळी पारडी,
चिमट्यानं उचलायची वजनं.
बोटाचा घामसुद्धा वजनात धरतो, म्हणायचे.
त्यांच्या लेखी बरोबर म्हणजे
काटा मधोमध, श्वास रोखलेला.

शांतवनमामा रेल्वेत, मालधक्क्यावर.
तिथला काटा जमिनीत पुरलेला;
मिठाची पोती, हळदीची पोती,
किलो-दोन किलो इकडंतिकडं कोण बघतो?
देवाच्या बाबतीत मात्र
मामा गुंजभर सोडायचा नाही.

"बाप तो बाप, दाजी. लेक तो लेक.
ज्यानं पाठवलं तो मोठा.
लेकानंच सांगितलंय तसं, स्वतःच्या तोंडानं.
आता तुम्ही कोण त्याची दुरुस्ती करणार?"

पप्पा पुडी बांधल्यासारखे सावकाश:
"माणूस होऊन आला, म्हणून तसं बोलला.
कमरेला पंचा बांधून
दुसऱ्याचे पाय धुवायला वाकलाय जो,
त्याची उंची तेव्हा मोजायची असते होय रे?"

"मग वधस्तंभावरनं हाक मारली ती कुणाला?
स्वतःलाच?"

इथं आई चहा आणायची.
दर रविवारी इथंच.
कधी आधी नाही, कधी नंतर नाही.

प्रभुभोजनाच्या दिवशी मतांगीकार सुरू झाला
की मामा उभा राहायचा सगळ्यांसारखा,
आणि 'एकतत्त्व' या शब्दापाशी
ओठ मिटून घ्यायचा.
एवढंच. एका शब्दापुरतं.
कुणीतरी ते पाहिलं.
कमिटीनं विचारलं, मामानं खरं सांगितलं.
त्यानंतर तो बाहेर, चिंचेजवळच्या पायरीवर;
आतली भाकर आणि प्याला
खिडकीतून कानांनी घ्यायचा.

त्या ठरावाखाली एक सही पप्पांची होती.
मला हे फार उशिरा कळलं. मामाला पहिल्या दिवसापासून.
तरी रविवारचा चहा चुकला नाही.

मग मामाच्या पोटात पाणी झालं.
वॉर्डातून संडासापर्यंत बावीस पावलं.
पप्पा तोवर रिटायर, हातात काठी.
दोघं भिंतीच्या कडेनं निघायचे,
मागं मी, सलाईनची बाटली उंच धरून.
कोण कुणाला सावरतंय, सिस्टरलाही कळायचं नाही.

"माझ्या बरोबर चाला, दाजी."
"बरोबरच चाललोय की."
मामा थांबला. धाप लागलेली,
तरी डोळ्यांत मालधक्क्यावरची जुनी चमक:
"बरोबर म्हणजे कसं?
बरोबरीनं, का नुसतं सोबत?"

पप्पा हसले.
हसता हसता काठी निसटली हातातून,
आणि ती उचलायला वाकलेले पप्पा
बराच वेळ वर आलेच नाहीत.
मामाचा हात त्यांच्या पाठीवर होता.
बाटली माझ्या हातात हलत होती.

दफनाला पाळकसाहेब आले, उशिरा का होईना.
माती टाकताना पप्पांची मूठ जराशी थबकली,
सवयीनं अंदाज घेत असावी.

त्या रात्री त्यांनी माळ्यावरची पेटी काढायला लावली.
डावं पारडं उलटं करून दाखवलं:
लाखेनं चिकटवलेला पत्र्याचा तुकडा, नखाएवढा.
"पासंग. ही बाजू मुळातच हलकी.
हा होता म्हणून एकतीस वर्षं काटा मधोमध."
मग पुष्कळ वेळानं,
"आम्ही दोघं त्याच्या पासंगालाही पुरत नाही, सुवार्ता.
आणि वजन करायला बसलो होतो."

मी अजून ठरवलेलं नाही.
म्हणजे, चर्चमध्ये 'एकतत्त्व' म्हणते,
पप्पांची मुलगी म्हणून मोठ्यानं म्हणते,
आणि म्हणताना खिडकीतून
त्या पायरीकडं बघते.
हल्ली तिथं चपला असतात.