खुंट

नान्नजच्या वाटेवर आमची पावणेदोन एकर.
वर वीतभर काळी, मग मुरूम,
त्याच्याही खाली चुनखडी; पहार आदळली
की दातांत कळ जाते.

सातव्या बोअरला पाणी लागलं, साडेपाचशे फुटांवर.
बसलिंगकाकांनी ओंजळ भरून देवाला दाखवली.
काकीनं एक घोट घेतला, थुंकली नाही.
म्हणाली, "हे तर आमच्या हर्णैचं.
इतक्या लांब कसं आलं?"

दोन वर्षांत पानांच्या कडा करपल्या,
ठिबकच्या तोंडाशी पांढरं फूल धरलं.
आधी सोनाका गेली. माणिक चमननं
एक छाटणी जास्त काढली, एवढंच.

मग डॉगरिज आणला. रानटी खुंट,
त्याचं स्वतःचं फळ कुणी खात नाही,
पण खारं पितो आणि गप्प राहतो.
त्यावर आमच्या काड्यांचे डोळे बांधले.
काकी उकिडवी बसून पट्टी आवळत गेली,
तिसरी ओळ, चौथी ओळ,
माहेरी होडीला मारायची तीच गाठ.
गाठ एकही सुटली नाही.
काही डोळे तरी वाळलेच.

आता फाल्गुनात मणी पिवळसर होतात.
व्यापारी नळी डोळ्याला लावून गोडी मोजतो,
बावीस म्हणतो, आणि लगेच,
भाव पाडायला: साल जाड आहे.

काकी घडाच्या शेंड्याचा मणी तोंडात टाकते.
मावळतीकडे बघत नाही.
बी नसतं त्यात,
तरी बराच वेळ
काहीतरी चघळत राहते.