शेरा

चंद्र करायला ज्वारीचं पीठ आणा म्हटलं
तर सातवी ब गप्प.
मग रेवणसिद्ध बिराजदार उभा राहिला.
"पीठ खेळायला नसतंय, सर."
एवढंच बोलून खाली बसला.
मी फळ्यावरचं 'पीठ' पुसलं.

रांगोळी ठरली. पांढरी, पाच किलो, माझ्या खर्चानं.
वरचा थर गडद हवा,
म्हणजे आतलं उसळून बाहेर आलेलं कळेल.
"आमच्यात तंबाखूची भुकटी हाय की," नागमणी म्याकल म्हणाली,
"अम्माच्या सुपात रोज मूठभर उरतीय."
सूपही तिनंच आणलं.
जुनं, कड उसवलेलं,
रोजच्या हजार विड्यांचा वास
बांबूत मुरलेला.
तळाला कालचा पेपर, त्यावर रांगोळी,
त्यावर तिच्या ओढणीतून गाळलेली तपकिरी धूळ.
आणि सगळ्या वर्गाला शिंका.

चंद्र तयार झाला तेव्हा सव्वादहा वाजले होते.
एप्रिल. लाईट गेलेली.
वरचे पत्रे तापून कुरकुरत होते
आणि शेजारच्या कारखान्यातले माग
एवढे गप्प, की गोटी पडल्याचा आवाज
शेवटच्या बाकापर्यंत गेला.

गोट्या तौफिक नदाफच्या.
एक वीतभरावरून. एक हातभरावरून.
एक बाकावर चढून,
आणि एक बाकावर खुर्ची ठेवून
(खुर्ची मी धरली होती, मोठ्या बाईंना सांगू नका).
गोटी दीड सेंटिमीटर, खड्डा चार.
"मारणाऱ्यापेक्षा मार मोठा," तौफिक म्हणाला
आणि पट्टी पुसून पुन्हा मोजलं.
तेवढाच भरला.
कडेला गोल वरंबा उठलेला,
त्यातून पांढरे फराटे चहूकडे उडालेले.
आज्जा कापूस पिंजायचा तेव्हा
भिंतीवर असंच व्हायचं म्हणे.

"तिरकं मारू का, सर?"
मार.
लांबट ओरखडा पडला, मांजरानं मारावा तसा.
नागमणीनं पुस्तकातला फोटो वर धरला.
"मग हितं सगळे गोलच कसे काय ओ?
सगळे दगड काय सरळ वरून आले?"
अशा वेळी तास संपावा असं वाटतं. संपला नाही.
मी म्हटलं, आपली गोटी आळशी आहे.
तिथला दगड सेकंदाला वीस किलोमीटर येतो,
इथून मोहोळ पावणेदोन सेकंदांत.
("एस्टीला तास लागतोय," रेवणसिद्ध.)
तो रुतत नाही. टेकताक्षणी फुटतो,
आणि फुटण्याला तिरकं-सरळ नसतं,
ते सगळ्या बाजूंनी सारखंच.
वर्ग थोडा वेळ सुपाकडे बघत राहिला.

मग नेमका तो प्रश्न, ज्याची तयारी करून आलो होतो.
पृथ्वीला मग काहीच लागलं नाही का?
खडू उचलला. वारा, पाणी, झीज,
तीन बाण काढायचे होते.
पहिला अर्धा झाला
आणि लाईट आली.

पंखा चालूच राहिलेला, पाचवर.
माग एकदम सुरू झाले, खटाखट,
भिंत हलली, बाक हलला, सूप हललं,
वरंबे खाली ओघळले,
फराटे धूसर झाले, तपकिरी-पांढरं एक झालं,
आणि उरलेला चंद्र
पहिल्या तीन बाकांच्या नाकात गेला.
मी "बंद करा, बंद करा" ओरडत बटणाकडे धावलो.
शिंकांच्या मधोमध नागमणी,
दोन्ही हातांनी सूप धरून:
"ऱ्हाऊ द्या, सर. आता ही पृथ्वी झाली."

अर्धा बाण तसाच राहिला फळ्यावर.

संध्याकाळी वह्या तपासल्या.
तौफिकनं तक्ता आखलेला, रेघा पट्टीनं,
उंची, व्यास, खोली, शेरा.
पहिल्या चार ओळी नीट.
पाचव्या ओळीत आकडे नाहीत, तीन रकान्यांत फुल्या,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, दोनच शब्द:
लाईट आली.

मी लाल पेन उघडलं.
त्याच्या बाजूला काय लिहावं
ते अजून ठरलेलं नाही.
वहीच्या शिवणीत रांगोळीचे कण आहेत,
झटकले नाहीत.