पुसणं

शुक्रवार, पावणेचार. मुलं गेली.
रेडिएटरवर तीन हातमोजे वाळताहेत, तिन्ही डाव्या हाताचे.
खोलीभर ओल्या लोकरीचा वास.
खिडकीबाहेर सुपीरियर सरोवर
थंडर बेच्या धक्क्यापासून आत आत गोठत चाललंय.

टेबलावर सहा पुस्तकं. यातलं एक
सोमवारी सव्वादहाला वाचून दाखवायचंय,
पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग,
निळ्या सतरंजीवर बावीस मांड्या.

मनात वाचून काही कळत नाही,
हे कळायला मला अकरा वर्षं लागली.
डोळे सभ्य असतात, कशावरूनही निमूट घसरत जातात.
जीभ अडखळते आणि खरं सांगून टाकते.
जिभेला हाड नसतं म्हणे.
वाक्याला लागतं.

म्हणून रिकाम्या सतरंजीला मी मोठ्यांदा वाचते,
आणि व्हेइक्को बादली ढकलत आत येतो.
लहानपणी फिनलंडहून आलेला, आता साठीचा,
दिवसाला नऊ शब्द, त्यातले चार बर्फाबद्दल.
त्याचं फडकं फिरत राहतं:
खळ्ळ, सप्प. खळ्ळ, सप्प.

ससा दात घासायला शिकतो.
खळ्ळ, सप्प.
पुढच्यात यमकं इतकी गुळगुळीत
की त्याचाच पाय घसरेल असं वाटलं.
एकात चित्रंच सगळं सांगून मोकळी होतात,
शब्द पाहुण्यासारखे दारात उभे.
चौथं चांगलं होतं, खरंच चांगलं,
पण शेवटी एक शहाणं घुबड येतं
आणि आपण काय शिकलो ते सांगायला लागतं.
घुबडाने चोच उघडली तसा
व्हेइक्को पाणी बदलायला गेला.

पाचवं मी उघडतच नाही.
गेल्या वर्षी उघडलं होतं. त्यात एक बाप
होडीतून घरी परत येतो.
नीबिन उठली, पाण्याची बाटली भरायला म्हणून,
आणि सुट्टी होईपर्यंत नळाशी उभी राहिली.
बाटली केव्हाच भरून वाहत होती.
आनंदी तेवढंच वाचा, असं मला कोणी सांगितलं नाही.
मीच मला सांगितलं.
वर्षभर ससे वाचले.

सहावं पातळ, कुणीतरी कोपरे चघळलेलं.
थव्यामागे राहिलेली एक म्हातारी रानहंसी.
चौदाव्या पानावर आभाळ रिकामं, खाली एवढंच:
त्या रात्री ती मोजत बसली. एकपर्यंत.

खळ्ळ नाही. सप्प नाही.
मी वर पाहिलं.
फडक्यातून पाणी ठिबकत होतं, बुटापाशी तळं साचलेलं,
आणि बारा वर्षं नुसती फरशी पुसत आलेल्या माणसाने
मला पहिल्यांदाच काही पुसलं:
"मग?"

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, सोमवारी.

शनिवार, रविवार ते पान माझ्या घरात फिरत होतं.
दोनदा ठरवलं, ससाच बरा.

सोमवार. चौदावं पान.
नीबिनने बाटली उचलली, कानाशी हलवली.
अर्धी होती. खाली ठेवली.
लेओकादियाने हात वर न करताच विचारलं,
"शून्यापासून का नाही मोजलं तिने?
दोन झाले असते."
"गप्प गं," नीबिन म्हणाली, "पुढे ऐकू दे."

मी पान उलटलं.
आणि मागे, सगळ्यांच्या डोक्यांवर,
शिडीच्या चौथ्या पायरीवर व्हेइक्को,
सव्वादहापासून
एक धडधाकट, चालू दिवा
काढतोय, पुसतोय, पुन्हा लावतोय.